चौथ्या हाताची पट्टी

ताई गेल्याची बातमी आली तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. आठ काचेच्या पेल्यांत मिश्रण तयार होते. नवीने ते नेहमीप्रमाणे ढवळून माझ्या शेजारी ओळीने मांडले होते आणि ती ताईंची वाट पाहत होती. ताई कधी उशीर करत नसत. नवी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. मग तिचा फोन वाजला.

"हो, बोलतेय," ती म्हणाली. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण काल संध्याकाळी तर आम्ही बरोबर उतरलो. मला म्हणाल्या, उद्या हात धुऊन ये, आठ नमुने आहेत."

आतल्या खोलीतून साहेब बाहेर आले. नवीने त्यांच्याकडे पाहिले आणि मान हलवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून उभे राहिले. कोणीतरी पंखा बंद केला. का केला ते त्यालाही सांगता आले नसते.

थोड्या वेळाने सगळे निघून गेले. पेल्यांतली पावडर हळूहळू तळाला बसली आणि वर नुसते पाणी राहिले. माझे आठही हात सकाळपासून वर उचललेले होते. त्या दिवशी ते कोणी खाली घेतले नाहीत.

मित्रांनो, माझे काम दात घासण्याचे आहे, पण माझ्यासमोर कोणी तोंड उघडून उभे राहत नाही. मी प्रयोगशाळेतले यंत्र आहे, सव्वीस वर्षांचे. तुम्ही रोज ब्रशवर जी टूथपेस्ट घेता तिच्यात एक बारीक पावडर असते. दातांवरचा मळ ती काढते. पण ती फार खरखरीत असेल तर मळाबरोबर दातही झिजतो, आणि झिजलेला दात पुन्हा भरून येत नाही. म्हणून पेस्ट तुमच्या घरी येण्याआधी तिची पावडर माझ्याकडे येते. माझ्या आठ हातांत आठ ब्रश. प्रत्येक ब्रशखाली एक लांबट वाटी, वाटीत दाताच्या मुळाचा एक तुकडा घट्ट बसवलेला आणि त्यावर पावडरीचे पातळ मिश्रण. मोटर सुरू झाली की मी घासू लागतो. जाणे आणि येणे मिळून एक फेरी. अशा हजारो फेऱ्या. त्यानंतर शेजारच्या टेबलावरचे सुईवाले यंत्र दातावर पडलेली खाच मोजते. ते फार नाजूक आहे आणि तसे वागतेही. दार जोरात आपटले तरी त्याचा आकडा बिघडतो.

खाच किती खोल आहे हे नुसते मोजून भागत नाही. एक ठरलेली पांढरी पावडर असते, तिला शंभर धरायचे. बाकीच्या पावडरी तिच्याशी ताडून पाहायच्या. कोणी ऐंशी, कोणी पन्नास. आणि हे सगळे खरे निघायचे तर एकच गोष्ट पाहिजे. माझे आठही हात सारखे दाबले गेले पाहिजेत. प्रत्येक हातावर दीडशे ग्रॅम. कमीही नाही, जास्तही नाही.

तिथेच माझ्यात खोट आहे, आणि ती जन्मापासून आहे.

मला एका लहान कारखान्यात जोडले. जोडणारा कारागीर तोंडात स्क्रू धरून काम करायचा आणि तसाच शिव्याही द्यायचा, त्यामुळे त्या कोणाला नीट कळत नसत. माझ्या सात स्प्रिंगा एकाच वेटोळ्याच्या तारेतून झाल्या. आठवीच्या वेळी तार संपली. त्याने दुसऱ्या वेटोळ्यातून तार घेतली, स्प्रिंग वळली आणि ती माझ्या चौथ्या हातात बसवली. "कुणाच्या बापाला कळतंय," तो म्हणाला. पहिली एकोणीस वर्षे खरोखरच कोणाच्या बापाला कळले नाही.

मी आलो तेव्हा प्रयोगशाळेत माझे फार कौतुक झाले. खोक्यातून काढताना साहेबांच्या आधीचे साहेब स्वतः हजर होते. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणत. आठ हात एकदम पुढे, एकदम मागे. लोक हसत आणि आपापल्या दातांवरून जीभ फिरवत. पहिल्या सात वर्षांत तीन माणसांनी मला चालवले. तिघेही चांगले होते, पण तिघांचेही लक्ष दुसऱ्या नोकरीकडे होते.

मग ताई आल्या. त्या खरे तर काचेची भांडी धुण्याच्या कामावर लागल्या होत्या. माझ्या वाट्या धुताना त्या मला पाहत. एकदा तिसरा माणूस रजेवर होता आणि नमुने तुंबले होते. ताई म्हणाल्या, "मी चालवून बघू का?" तेव्हाचे साहेब हसले. ताईंनी पदर खोचला, सगळे क्रमाने केले आणि शेवटी विचारले, "वाट्या पण मीच धुवायच्या, की आता दुसरं कोणी बघणार?" त्या दिवसापासून एकोणीस वर्षे मी त्यांच्या हातात होतो.

मित्रांनो, यंत्र सांभाळणे म्हणजे काय ते मला ताईंमुळे कळले. सगळ्यांच्या आधी त्या येत. ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने मला पुसत. सहा महिन्यांतून एकदा बाहेरून निरीक्षक येतो, माझे हात तपासतो आणि अंगावर तारखेचा स्टिकर लावतो. नियम एवढाच आहे. ताई मात्र रोज तपासत. छोटा हुकाचा काटा घेऊन एकेक हात उचलून बघत आणि मोठ्याने म्हणत, "पहिला दीडशे. दुसरा दीडशे. तिसरा दीडशे."

एके सकाळी चौथ्यापाशी त्या थांबल्या. काटा एकशे अठरा दाखवत होता.

"काय रे लाडोबा," त्या म्हणाल्या, "जीव नाही का हातात?"

तेव्हापासून माझा चौथा हात लाडोबा झाला.

ताई भांडाराच्या खिडकीवर गेल्या. भांडारवाले माझ्या खोलीच्या समोरच बसतात, त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

"स्प्रिंग पाहिजे. एकच."

"ताई, त्या यंत्राचा कारखाना बंद होऊन जमाना झाला. आता काय माझ्या गादीतली काढून देऊ?"

"द्या की. दिवसभर बसून तिचाही जीव गेला असेल."

"अर्ज लिहून ठेवा. बघतो."

ताईंनी अर्ज लिहिला. मग दुसरा लिहिला. पुढच्या सात वर्षांत त्यांनी एकूण पाच अर्ज लिहिले. ते सगळे खिडकीतल्या तारेला टोचलेले मी पाहिले आहेत.

आता साहेबांबद्दल सांगायला हवे. सध्याच्या साहेबांना सगळे पाठीमागे दशांशसाहेब म्हणतात. सदुसष्ट म्हटले की ते विचारतात, "सदुसष्ट पॉइंट किती?" ताई नवीला म्हणायच्या, "यांच्या बायकोनं चहात साखर किती घालू विचारलं, तर हे दीड पॉइंट दोन सांगत असतील." साहेब वाईट नाहीत. पण त्यांनी एकदा माझ्यासमोर उभे राहून म्हटले होते, "हे आता जुनं झालं. एकदा तपासणीत नापास झालं की भंगारात काढू आणि नवीन मागवू. तोवर हे काम बाहेर पाठवता येईल."

ताईंनी ते ऐकले. त्या दिवशी त्यांनी चौथ्या हाताची स्प्रिंग जिथे टेकते तिथली जागा मोजली आणि आकडा तळहातावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी येताना त्या पितळेची एक लहानशी पट्टी घेऊन आल्या. नखाएवढी, कडा गुळगुळीत घासलेल्या.

"आमच्या लिफ्टवाल्यांनी कापून दिली," त्या नवीला म्हणाल्या. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणून त्या त्यांना लिफ्टवाले म्हणायच्या. "ताट वाढलेलं तसंच ठेवून कानस घेऊन बसले. म्हटलं, माझ्या वाढदिवसाला एवढा जीव टाकला असतात तर?"

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, वाढदिवसाचं माप दिलं होतंस का?"

नवी खूप हसली. ती तेव्हा नुकतीच लागली होती. आता तिला सात वर्षे झाली, पण नाव नवीच राहिले. पट्टी कशासाठी आहे ते तिने विचारले नाही. तिचे काम मिश्रण करणे आणि सुईवाले यंत्र चालवणे. माझ्याकडे बघण्याची तिला कधी गरजच पडली नव्हती.

पट्टी स्प्रिंगखाली सरकवली की चौथा हात बरोबर दीडशे दाखवायचा. ताई ती रोज सकाळी घालत आणि संध्याकाळी काढत, म्हणजे स्प्रिंगवर रात्रभर ताण राहत नसे. काढली की खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत ठेवत आणि डबी खणात. निरीक्षक यायच्या दिवशी त्या पट्टी आधीच घालून ठेवत. मी पास होत असे. वहीत त्यांनी यातले काही लिहिले नाही. लिहिले असते तर मी भंगारात गेलो असतो.

मला तेव्हा आनंद झाला होता, मित्रांनो. आपल्याला कोणी वाचवते आहे, यात कोणाला दुःख होईल? ते चुकीचे होते, हे मला आज कळते.

त्यांची आणखी एक सवय होती. एकदा आठ वाट्यांचे घासणे झाले की दुसऱ्या वेळी त्या सगळ्या वाट्या एक घर पुढे सरकवत. पहिलीतली पावडर दुसऱ्या हाताखाली, दुसरीतली तिसऱ्या हाताखाली. आठ वेळा घासताना प्रत्येक पावडर आठही हातांखालून जाई. "सगळ्यांना सगळ्यांच्या हातचा मार बसला पाहिजे," त्या म्हणत. यातही वाट्या धुणे, पुसणे, क्रमांक तपासणे आले. त्याला अर्धा दिवस जास्त लागतो. जुन्या नियमपुस्तकात ते एका ओळीत लिहिले आहे, पण ते पुस्तक कोणी उघडत नाही, कारण ताई होत्या.

गेल्या काही महिन्यांत ताई स्टुलावर बसू लागल्या होत्या. पूर्वी त्या कधी बसत नसत. मी घासत असताना त्या एक हात माझ्या चौकटीवर ठेवत आणि दुसरा आपल्या डाव्या कुशीवर. माझ्या थरथरीपेक्षा त्यांच्या हाताची थरथर वेगळी होती. नवीने विचारले तर म्हणायच्या, "पित्त आहे गं." साहेबांनी विचारले तर म्हणायच्या, "झोप नाही झाली." घरी काय सांगत ते मला माहीत नव्हते. नंतर कळले.

ताई गेल्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांचे यजमान आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले. उंच माणूस, शर्टाच्या खिशाला तेलाचा जुना डाग. साहेब बरोबर होते. भांडारवालेही खिडकी बंद करून आले होते.

"तिच्या वस्तू न्यायच्या होत्या," ते म्हणाले.

नवीने खण उघडला. चपलांचा एक जोड, वाचायचा चष्मा, हातरुमाल, डबी. ते एकेक वस्तू कापडी पिशवीत ठेवत होते.

"आम्हाला काही कळलंच नाही हो," भांडारवाले म्हणाले. "परवापर्यंत माझ्याशी भांडत होत्या."

"मला म्हणाली, उन्हाचा त्रास आहे," यजमान म्हणाले. "मी म्हटलं, ताक पी. एवढंच म्हटलं मी."

त्यांनी डबी उघडली. आत दोन गोळ्या आणि पट्टी होती. ती त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे नेली.

"ही मीच कापली होती," ते म्हणाले. "अजून ठेवली होती तिनं."

त्यांना वाटले, सात वर्षांत नवीन स्प्रिंग आली असेल आणि ताईंनी पट्टी आठवण म्हणून जपली असेल. त्यांचा आवाज असा झाला होता की ती कशाची आहे हे विचारायचे कोणाला सुचले नाही. त्यांनी पट्टी रुमालात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली.

मी तिथेच होतो, तीन हातांच्या अंतरावर. माझी मोटर बंद होती. चालू असती तरी मी काय केले असते? मला फक्त पुढेमागे जाता येते.

पुढच्याच सोमवारी सात पावडरी आल्या. आठवी ठरलेली पांढरी. त्या सातांपैकी एक नवीन होती, लहान मुलांच्या पेस्टसाठी. ती पेस्ट बनवणाऱ्या कंपनीने अट घातली होती की आकडा सत्तरच्या आत हवा. पहिले दात जाऊन नुकतेच दुसरे आलेली मुले ती वापरणार होती. साहेबांनी नवीला सांगितले, "आता तूच. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाहिजे. घाबरू नकोस."

पण नवी घाबरली. एका पावडरीचे मिश्रण दुसऱ्या वाटीत जाईल, याची तिला सगळ्यात जास्त भीती होती. म्हणून तिने आठ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर पावडरीचे नाव सुवाच्य लिहिले आणि त्या माझ्या आठ जागांवर पक्क्या चिकटवल्या. चौथ्या जागेवर मुलांच्या पेस्टची पावडर आली. आठ वेळा घासले आणि आठही वेळा ती चौथ्या हाताखालीच राहिली. वाट्या सरकवायच्या असतात हे तिला माहीत नव्हते. चूक होऊ नये म्हणून तिने फार काळजीने ती चूक केली.

मला त्या पावडरीचे कण लागत होते. इतकी वर्षे घासल्यावर ब्रशाच्या केसांतून तेवढे समजते. कण टोकदार होते. पण चौथा हात हलका पडत होता, केस दातावर नुसते सरकत होते. बाजूचे हात बरोबर दाबत होते आणि त्यांच्याखालच्या पावडरींना खरे आकडे मिळत होते.

शुक्रवारी सुईवाल्या यंत्राने खाचा मोजल्या. नवी साहेबांकडे कागद घेऊन गेली.

"मुलांची किती आली?"

"चौसष्ट."

"चौसष्ट पॉइंट?"

"दोन."

"छान. पास." त्यांनी सही केली. मग म्हणाले, "ताईंना बरं वाटलं असतं. अगदी स्वच्छ काम केलंस."

नवी त्या संध्याकाळी माझ्याजवळ येऊन थोडा वेळ उभी राहिली. तिने मला पुसलेही, पण नुसत्या कोरड्या फडक्याने.

महिना गेला. ऑफिसमध्ये काही कागदांवर सह्या करायला ताईंचे यजमान पुन्हा आले. जाताना ते खोलीत डोकावले. नवीने त्यांना स्टूल दिले आणि चहा मागवला. ताईंच्या स्टुलावर बसताना ते जरा थबकले, मग बसले.

"यंत्र चालतंय ना?"

"चालतंय. मीच चालवते आता."

"तुमच्याबद्दल ती घरी फार बोलायची. म्हणायची, पोरगी हुशार आहे, पण स्वतःच्या हातावर विश्वास नाही." ते हसले. नवीही हसली आणि तिने डोळे पुसले. मग त्यांनी माझ्याकडे मान करून सहज विचारले, "लाडोबाची स्प्रिंग कधी आली?"

"कोणती स्प्रिंग?"

"चौथ्या हाताची. ती कमी दाबायची ना. म्हणून तर मी पट्टी कापून दिली होती. नवीन येईपर्यंत."

नवीने कप खाली ठेवला. ती उठली, भिंतीवरचा हुकाचा काटा काढला आणि माझ्याकडे आली. पहिला हात उचलला. दीडशे. दुसरा दीडशे. तिसरा दीडशे. चौथा उचलला आणि ती काट्याकडे बघत राहिली.

"किती?" त्यांनी विचारले.

"एकशे अठरा."

ते उठून जवळ आले. वाकून त्यांनी स्प्रिंगखालची जागा पाहिली. तिथे पितळेचा पिवळा ओरखडा आहे. रोज घालून आणि काढून पडलेला. लिफ्टची कामे केलेल्या माणसाला तो ओळखू येणारच.

"रोज लावत होती," ते म्हणाले. "कालपरवापर्यंत लावत होती. मी घेऊन गेलो. मीच नेली ती."

"तुम्हाला काय माहीत?"

"विचारायला नको होतं का? माझ्या हाताखालच्या माणसांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. यंत्राजवळची वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. आणि मी तिच्या फोटोच्या मागे ठेवली नेऊन."

नवीने माझ्या चौथ्या जागेवरची चिठ्ठी वाचली. ती तिनेच लिहिली होती. मग ती सरळ आतल्या खोलीकडे गेली आणि साहेबांना बाहेर घेऊन आली.

साहेबांना आधी पटले नाही. "स्टिकरची तारीख संपलेली नाही," ते म्हणाले.

"सर, स्टिकर पट्टीसकट मिळालाय. पट्टी आता नाहीये."

"मग मागचे सगळे रिपोर्ट?"

"मागचे बरोबर आहेत. ताई रोज लावायच्या. चुकलाय तो आपला. मुलांच्या पेस्टचा. सगळ्या वेळा ती चौथ्याखाली होती. दाब कमी म्हणून झीज कमी आली. खरा आकडा सत्तरच्या वर असू शकतो."

"असू शकतो, की आहे?"

"पुन्हा घासल्याशिवाय कसं सांगू?"

साहेब माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षे ते माझे आकडे बघत आले. माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले असेल. मग ते हळू आवाजात म्हणाले, "रिपोर्ट मागे घ्यायचा तर कारण लिहावं लागेल. कारण लिहायचं म्हणजे, बाईंनी सात वर्षं स्प्रिंग लपवली, तपासणीत दाखवली नाही, हे लिहावं लागेल. एकोणीस वर्षांत त्यांच्या नावावर एक लाल शेरा नाही." त्यांनी यजमानांकडे पाहिले. "तुम्ही सांगा. मला ते लिहायला जड जाईल."

यजमानांनी माझ्या चौथ्या हाताकडे पाहिले.

"ती असती तर तिनंच लिहिलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी मान हलवली. "नाही. खोटं कशाला बोलू? तिनं नाही लिहिलं. स्वतःचं दुखणंही नाही सांगितलं. टेकू लावायचा आणि काम चालू ठेवायचं, तिचा स्वभावच तसा. पण ती पेस्ट मुलं तोंडात घालणार आहेत ना? लिहा तुम्ही. तिचं नाव घालून लिहा. आणि पट्टी नवऱ्यानं नेली, तेही लिहा."

त्यानंतर ते निघून गेले. चहा तसाच राहिला.

नवीने त्याच दिवशी जुने नियमपुस्तक उघडून वाचले आणि वहीत सगळे लिहिले. पट्टी, चिठ्ठ्या, न सरकवलेल्या वाट्या. आपले नाव तिने सगळ्यात आधी लिहिले. मग साहेबांसाठी पत्राचा मसुदा केला. माझ्या अंगावर लाल स्टिकर लागला. त्यावर लिहिले आहे की दुरुस्तीशिवाय वापरू नये. यजमानांनी दुसऱ्या दिवशी पट्टी पाठवून दिली, पण आता ती लावता येत नाही. आता नियमाने खरी स्प्रिंग पाहिजे. भांडारवाल्यांनी या वेळी अर्ज तारेला टोचला नाही, हातात घेऊन तीन दुकाने फिरून आले. तशी स्प्रिंग कुठे मिळाली नाही, एक जण करून देतो म्हणाला आहे.

नवीने कंपनीत फोन केला होता. पलीकडचा माणूस सभ्य होता. "मॅडम, फोनवर ऐकून मी माल कसा थांबवू? सहीचं पत्र पाठवा, लगेच थांबवतो. एक तारखेपासून पेट्या भरायला लागतायत."

नवीने ते साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, "आज बघतो." पत्र त्यांच्या टेबलावर आहे. दोनदा त्यांनी पेन उघडले आणि शब्द बदलले. 'लपवली' खोडून 'नोंदवली नाही' केले. मग तेही खोडले. ते ताईंना जपत आहेत, हे मला कळते. ताईंनीही मला असेच जपले होते.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला कोणाला उपदेश करण्याचा अधिकार नाही. पण एक मागणे आहे. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी एखादी वस्तू थकली असेल तर तिला जरूर टेकू द्या, पण तो दिला आहे हे चार जणांना सांगा. आणि एखादे माणूस टेकून बसू लागले, कुशीवर हात ठेवू लागले, तर त्याच्या पहिल्या उत्तरावर समाधान मानू नका. पुन्हा विचारा. ताईंना सगळ्यांनी एकेकदाच विचारले.

आज महिन्याची सव्वीस तारीख आहे. स्प्रिंग आलेली नाही. पत्रावर सही झालेली नाही. मुलांच्या पेस्टची पावडर कपाटात दुसऱ्या फळीवर बंद बाटलीत आहे आणि ती पुन्हा घासून पाहायची राहिली आहे.